वाकडं पान

मला अक्षरं आधी उलटी वाचता आली, सुलटी नंतर. जळगावातलं आमचं घर दोन खोल्यांचं, आणि त्यातली रस्त्याकडची मोठी खोली छापखान्याची. आबा, म्हणजे माझे वडील, उभ्याउभ्या छपाईचे खिळे जुळवत असायचे आणि मी त्यांच्या पायाशी बसून खाली सांडलेले खिळे गोळा करायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. शाळेत बाईंनी फळ्यावर पहिल्यांदा 'क' काढला तेव्हा तो मला चुकलेला वाटला आणि मी तसं सांगितलंही. ट्रेडल मशीन पायानं चालवायचं. त्याचा एक जड धप्प आवाज, मग शाईचे रूळ फिरल्याचा चिकट आवाज, मग पुन्हा धप्प, असं दिवसभर चालायचं. मागच्या खोलीत आई त्याच तालावर भाकरी थापायची. मशीन मधेच थांबलं की तिचा हातही थांबायचा आणि ती विचारायची, "काय अडकलं?"

लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर आबा. विडी वळणाऱ्या बायकांची पत्रकं, गिरणीतल्या लोकांची, केळीच्या बागांतल्या मजुरांची, कोणाचीही. जास्तीच्या प्रती घरात यायच्या. फडताळात पत्रक, डब्याखाली पत्रक, भाकरीच्या टोपलीत तळाला पत्रक. कळण्याची गरम भाकरी उचलली की तिच्या पाठीवर कधीकधी 'धिक्कार' पुसटसा उमटलेला असायचा, आणि आम्ही तो ठेच्याबरोबर खायचो. इतर मुली गोष्टी वाचून मोठ्या झाल्या, मी मागण्या वाचून. आज सत्तरी ओलांडली तरी मला साधं खुशालीचं पत्र लिहिता येत नाही. तिसऱ्या ओळीला मी कोणाला तरी जाब विचारायला लागते. हे कौतुकानं सांगत नाही. आठवणींच्या या प्रकरणात जे लिहायचं आहे ते त्याच सवयीतून झालं.

लग्नपत्रिकांच्या कडेला जी वेलबुट्टी लागायची, तिचे लाकडी ठसे गफूर नाना कोरून द्यायचे. नाना नशिराबादला राहायचे. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे आबांशी बोलताना अर्धी अहिराणी आणि आमच्याशी बोलताना जरा सांभाळून मराठी. पांढरी टोपी, गुडघ्याशी विरलेला पायजमा, आणि खांद्याला कापडी पिशवी, जिच्यात ठसे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून प्रत्येकाला जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं. शिसवीच्या तुकड्यावर त्यांनी काय काढलं नाही? गणपती, चांदतारा, कलश, सनई, केळीचे खांब. ताबुताची नक्षी तेच आखायचे आणि गणपतीच्या मखराचीही. ट्रकच्या पाठीवरचे मोर त्यांचेच. तालुक्याच्या गावातून एखादी पत्रिका आली की आबा ती न वाचता उजेडात धरून कडेकडे बघायचे आणि म्हणायचे, "नानांची."

ओळखायची खूण सोपी होती. नानांच्या प्रत्येक वेलीत एक पान वाकडं असायचं. बाकी सगळी पानं एका मापाची, जणू यंत्रातून काढलेली, आणि कुठेतरी एकच पान मान मोडल्यासारखं. आबा दर वेळी बोट ठेवायचे. "नाना, हे पान बघा. गिऱ्हाईक बोलतं."

"राहू द्या भाऊ. ते तसंच शे."

मी लहान असताना ठसा आला की आधी ते पान शोधायची. मिनिटभरात सापडलं तर नाना खिशातून बडीशेप काढून द्यायचे. एवढी वर्षं मी ते पान शोधलं, पण ते तिथे का आहे हे एकदाही विचारलं नाही. पुढे ज्या मुलीनं अख्ख्या गावाला प्रश्न विचारत पत्रकं वाटली, तिला हा एक प्रश्न सुचला नाही.

मी कॉलेजात होते त्या वर्षी उन्हाळ्यात गावातल्या काही प्रतिष्ठितांनी एक समिती केली आणि बेचाळीसच्या लढ्यातल्या माणसांचा सत्कार करायचं ठरवलं. यादी करताना आबांनी नानांचं नाव दिलं. मला आश्चर्य वाटलं, कारण नाना लढ्यात होते हे मी कधी ऐकलं नव्हतं. नाना ठसे घेऊन आले तेव्हा आबांनी त्यांना तसं सांगितलं. नानांनी हातातली बशी खाली ठेवली.

"मी काहीच करं नही," ते म्हणाले.

आबा काहीतरी हळू आवाजात बोलले. नाना उठले, चहा तसाच ठेवून, आणि त्या दिवशी पिशवीतले ठसे न दाखवताच गेले. मी खिळ्यांच्या लाकडी केसमागे उभी होते. मी आबांना विचारलं, नानांनी त्या काळात केलं तरी काय होतं? आबा म्हणाले, त्यांचं ते सांगतील, मी शब्द दिला आहे. त्या वयात मला दोनच प्रकारची माणसं माहीत होती: जी बोलतात आणि जी लपवतात. समितीतले निम्मे लोक तर मला ढोंगी वाटतच होते. युद्धाच्या काळात गोऱ्यांना धान्य पुरवणारे एक गृहस्थ त्याच यादीत होते आणि त्यांच्याविरुद्ध पत्रक काढायचं माझ्या डोक्यात आधीपासून होतं. फक्त पुरावा नव्हता.

पुरावा मिळाला तो दुसऱ्याच माणसाविरुद्ध. एका पत्रिकेसाठी ठसा आणायला आबांनी मला नशिराबादला पाठवलं. नाना कामानिमित्त भुसावळला गेले होते. नानी अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होती. तिनं मला सावलीत बसवलं, ज्वारीचा गरम घाटा वाटीत घालून वरून कच्चं तेल ओतून हातात दिला आणि म्हणाली, आतल्या पेटीत बघ, तुमचा ठसा तिथेच असेल. मी घाटा खात पेटी उघडली. तळाशी हिरव्या चिंधीत एक गोल ठसा होता, मुठीत मावेल एवढा. मधे इंग्रजांचा मुकुट आणि भोवती गोलाकार इंग्रजी अक्षरं. अक्षरं उलटी होती, म्हणजे मला सरळच. सरकारच्या कागद नियंत्रण खात्याचा शिक्का. खोबणीत जांभळी शाई सुकलेली, म्हणजे वापरलेला. हा माणूस आमच्या घरी चहा पीत होता आणि युद्धात साहेबाचे शिक्के कोरत होता, म्हणून सत्काराचं नाव काढताच उठून गेला. सगळं एका क्षणात जुळलं. जे एवढ्या लवकर जुळतं त्याचं प्रूफ पुन्हा तपासावं, हे आबांनी मला किती वेळा शिकवलं होतं.

मी तो ठसा ओढणीच्या टोकात बांधला. चोरी हा शब्द तेव्हा मनात आला नाही. 'ताब्यात घेतला' असा काहीतरी शब्द आला असेल. वाटी विसळून ठेवली, नानीला येते म्हणाले. तिनं आईसाठी ओले बिबडे केळीच्या पानात बांधून दिले. ते मी मांडीवर घेऊन एसटीत बसले.

रविवारी आबा धुळ्याला गेले होते. दुपारच्या उन्हात रस्ता ओस, शाई पातळ झालेली. मी एकटीनं मजकूर जुळवला. तो शिक्का हातानं मारायचा होता, खिळ्यांच्या उंचीचा नव्हता, म्हणून खाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून उंची जुळवली. इतकं बारीक मला कळत होतं. मथळा होता: 'हा शिक्का कोणाचा? हा हार कोणाला?' खाली मुकुट, ठळक. त्याखाली मी लिहिलं होतं की ज्या हातानं परक्या सत्तेची मुद्रा कोरली त्या हातात सत्काराचा नारळ देणं हा तुरुंगात गेलेल्यांचा अपमान आहे. आईनं आतून विचारलं, कोणाचं काम? मी म्हणाले, आपलंच. पाचशे प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर, बाजारात, कॉलेजच्या फाटकाशी आणि नशिराबादच्या फाट्यावर वाटल्या. वाक्यं चांगली होती. आजही मला ती पाठ आहेत, आणि ती चांगली आहेत हेच मला सहन होत नाही.

दोन दिवसांत गावात जे बोलणं सुरू झालं ते मी लिहिलेलं नव्हतं. पानटपरीवर एक जण दुसऱ्याला पत्रक दाखवत म्हणाला, "यांचं असंच असतं." दुसरा म्हणाला, "मी तर आधीच म्हणत होतो." दोघांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी. माझ्या पत्रकात नानांच्या धर्माबद्दल एक अक्षर नव्हतं. लागलंच नाही. नाव छापलेलं होतं. मी तिथे थांबून त्या दोघांना सुनावायला हवं होतं. मोर्चात मी पोलिसांना सुनावलं होतं. मी सायकल ढकलत पुढे गेले. समितीनं नानांचं नाव काढलं. एका पत्रिकेचं गिऱ्हाईक येऊन सांगून गेलं की कडेची नक्षी दुसऱ्या कोणाची तरी घाला.

आबा परतले ते स्टँडवरच पत्रक वाचून. मी भांडणाच्या तयारीत होते. मला वाटलं ते ओरडतील, मैत्रीचा हवाला देतील, आणि मी म्हणेन की तत्त्वापुढे मैत्री नाही. त्यांनी फक्त ठसा मागितला. मी दिला. त्यांनी तो माझ्याच तळहातावर परत ठेवला.

"हे कशाचं आहे, कुसुम?"

"शिसवीचं."

"तहसील कचेरीतला शिक्का कशाचा असतो?"

मी लहानपणापासून त्या कचेरीत आबांबरोबर जात होते. शिक्के रबराचे असत, जुने पितळेचे. सरकारचे शिक्के सरकारच्या कारखान्यात होत आणि त्यांचा हिशोब असे. छापखान्यात जन्मलेल्या पोरीला हे सांगायची गरज नव्हती.

"मग सरकारचा शिक्का लाकडात कोण कोरतं?" आबांनी विचारलं.

ट्रेडलच्या चाकाला टेकून मी खाली बसले. आबांनी उभ्यानंच सांगितलं. युद्धात कागदावर नियंत्रण होतं, परवान्याशिवाय रीम मिळत नसे. भूमिगतांची पत्रकं याच जिल्ह्यात छापली जात होती, ती जुळवणाऱ्यांत विशीतले आबा एक होते. कागद यायचा नानांनी कोरलेल्या खोट्या शिक्क्याच्या परवान्यावर. मी ज्या पत्रकांवर वाढले असं अभिमानानं सांगत होते, त्यांच्या आधीची पत्रकं त्या ठशातून आली होती. मी आबांना विचारलं, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तू मला विचारून छापलंस का?"

दुसऱ्या दिवशी मी ठसा घेऊन नशिराबादला गेले. दारावर कोणीतरी माझं पत्रक खळीनं चिकटवलं होतं. ते फाडलेलं नव्हतं. नानी चुलीपुढून उठली, मला बघितलं आणि परसात निघून गेली; पाणीसुद्धा विचारलं नाही. नाना खिडकीशी बसून कोरत होते. मी ठसा त्यांच्यापुढे ठेवला आणि पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

"छपाई चांगली झाली," ते म्हणाले. "शाई जरा जास्त."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग हातातलं पटाशीचं पातं पुसत, अर्ध्या अहिराणीत, थांबत थांबत बोलले. खरा शिक्का त्यांनी एका परवान्यावर पाहिला होता. त्यातला मुकुट डावीकडून बसका होता आणि त्यावरचे मोती लहानमोठे. कोणा कारागिरानं कंटाळून केलेलं काम. "माले सांगेल व्हतं, जसा शे तसा कर. पण बेटी, मन्हा हातले राहवनं नही." त्यांनी मुकुट सरळ केला. मोती एका मापाचे केले. खोटा शिक्का खऱ्यापेक्षा देखणा झाला आणि त्यांना त्याचा आनंद झाला. काही खेपा निभावल्या. मग उखा नावाचा पोरगा, साक्रीकडच्या डोंगरातल्या गावचा, नानांपेक्षा दोनतीन वर्षांनी लहान, दोंडाईचा स्टेशनवर कागदाची पार्सलं सोडवायला गेला. पार्सलबाबूनं त्याचा परवाना दुसऱ्या परवान्याशेजारी ठेवला. दोन मुकुट शेजारी शेजारी आले. उखा पकडला गेला. शिक्का कोणी कोरला हे त्यानं सांगितलं नाही, आणि चार महिन्यांनी तुरुंगात तापानं वारला.

"माले कसाना हार?" नाना म्हणाले.

म्हणूनच ते वाकडं पान. हे त्यांनी सांगितलं नाही, समोरच्या अर्ध्या कोरलेल्या ठशावर ते मला दिसलं. बाकीची वेल अजून व्हायची होती. ते एक पान त्यांनी सगळ्यात आधी कोरून ठेवलं होतं.

मी म्हणाले, नाना, मी दुसरं पत्रक काढते, सगळं खरं लिहिते. त्यांनी ठशावरचा भुसा फुंकला. मग म्हणाले, लिहायचं तर उखाचं लिही. आणि मला त्याच्या गावाचं नाव सांगितलं, त्याच्या आईचं नाव सांगितलं, घर ओढ्याच्या कोणत्या अंगाला आहे तेही.

ते पत्रक मी सहा वेळा लिहिलं. मथळा होता 'क्षमा'. मी स्वतःला त्यात सोडलं नाही. माझी चोरी लिहिली, माझा उतावळेपणा लिहिला, आणि जितकं कठोर लिहीत गेले तितकं ते वाचायला छान होत गेलं. उखा पहिल्या दोन खर्ड्यांत होता. मग मला वाटलं, एका पानाच्या पत्रकात वाचणाऱ्याला एकच माणूस लक्षात राहतो. नानांचं नाव धुवून काढायचं आहे, तिथे त्यांच्या हातून एक पोरगा गेला हे आत्ता कशाला? लोक तेवढंच उचलतील. कारणं सगळी पटण्यासारखी होती. शेवटच्या खर्ड्यात मी लिहिलं की गफूर नानांचा शिक्का इतका हुबेहूब होता की इंग्रजांनाही अखेरपर्यंत ओळखता आला नाही.

पत्रक गाजलं. ज्यांनी मान डोलावली होती त्यांनी डोळे पुसले. समितीनं नाव पुन्हा घातलं. सत्काराच्या दिवशी नानांची खुर्ची रिकामी राहिली आणि अध्यक्षांनी त्यांच्या विनयाचं कौतुक केलं. नाना त्यानंतरच्या आठवड्यात छापखान्यात आले, नेहमीसारखी पिशवी घेऊन. आबांना ठसे दाखवले, चहा घेतला. जाताना माझ्यापाशी थांबले आणि खिशातून चौपदरी घडी केलेलं पत्रक काढून माझ्या हातात दिलं.

"तू बी मुकुट सरळच केला, बेटी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पत्रकाबरोबर त्यांनी हिरव्या चिंधीतला ठसाही माझ्या हातात ठेवला. "हाऊ आते तुन्हाजोडे राहू दे."

त्यानंतरही ते आठनऊ वर्षं ठसे आणून देत राहिले. माझ्या लग्नाच्या पत्रिकेची वेल त्यांचीच, वाकड्या पानासकट. माझ्याशी ते नीट बोलत. माझ्या मुलालाही त्यांनी बडीशेप दिली. त्या विषयावर मात्र पुन्हा कधी आले नाहीत, आणि मीही काढला नाही. आता मी धुळ्याला राहते. छापखाना केव्हाच मोडीत गेला, रस्त्याच्या त्या बाजूला आता फ्लेक्स छापतात. नानांच्या नातवानं मागच्या वर्षी फोनवर मला माझ्या 'क्षमा' पत्रकाचा फोटो पाठवला. त्यांच्या घरी ते चौकटीत लावलेलं आहे. त्यानं विचारलं, मावशी, यात सगळं खरं आहे ना? मी हो म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी ठसा काढला, स्टँपपॅडवर दाबला आणि कोऱ्या कागदावर मारला. मुकुट अजून स्वच्छ उमटतो. दोन्ही बाजू सारख्या, मोती एका मापाचे. त्याच्याखाली मी उखाचं नाव लिहिलं, आणि पुढे त्याचं गाव लिहायला गेले.

गाव आठवलं नाही. आईचं नावही नाही. गेलं वर्षभर मी साक्रीच्या बाजूला जमेल तसं फिरते आहे. आठवडे बाजारात म्हाताऱ्या माणसांशेजारी बसते आणि विचारते, उखा नावाचा कोणी, युद्धाच्या वेळी, तुरुंगात गेलेला. त्या भागात उखा पुष्कळ. लोक चांगले आहेत, आठवून बघतात, चहा देतात. मग कोणीतरी विचारतंच की अक्का, गाव कोणतं? तेव्हा मला काही सांगता येत नाही. वय झालं म्हणून विसरले असं ते समजतात आणि मी त्यांना तसं समजू देते. मी विसरलेली नाही. नाना मला त्या गावाचं नाव सांगत होते तेव्हा मी त्यांच्यासमोर मान खाली घालून बसले होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मनात नव्या पत्रकाची पहिली ओळ जुळवत होते.